पिकअपचा ईसीएम बदलताना: आधी जुना कशाने गेला ते शोधा

चालती पिकअप अचानक बंद पडते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण पकडत नाही. बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला तर इंजिनाकडून उत्तरच येत नाही. अशा वेळी "ईसीएम गेला" असं निदान फार लवकर निघतं आणि गाडीतल्या महागड्या सुट्या भागांपैकी एक मागवला जातो. ईसीएमचा नवा डबा बसतो आणि गाडी तशीच उभी राहते, किंवा थोडे दिवस नीट चालून पुन्हा तिथेच येते. ईसीएम बसवण्याचं काम तसं सोपं आहे: दोन-तीन कनेक्टर आणि चार बोल्ट. सगळा कस लागतो तो बसवण्याआधीच्या तपासणीत आणि बसवल्यानंतरच्या प्रोग्रामिंगमध्ये. म्हणून या लेखाचा मोठा भाग त्या दोन गोष्टींवरच आहे.

ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. काही गाड्यांत तोच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही सांभाळतो, तेव्हा त्याला पीसीएम म्हणतात. क्रँक, कॅम, थ्रॉटल, तापमान, हवेचा दाब अशा सेन्सरांकडून तो माहिती घेतो आणि इंजेक्टर, कॉइल, रिले, पंप यांना हुकूम सोडतो. आपणहून निकामी होणारे ईसीएम त्या मानाने कमी. बरेचसे बाहेरच्या कारणाने जातात: शॉर्ट झालेली कॉइल, कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी, उलटी जोडलेली जंपर केबल, बॅटरी न काढता चॅसीवर केलेलं वेल्डिंग. ते कारण गाडीत तसंच राहिलं, तर नवा डबाही त्याच वाटेने जातो.

डबा खरंच गेलाय का?

सुरुवात बॅटरीपासून करा. गाडी काही तास उभी असताना चांगल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ मारताना ते १० च्या फार खाली जाऊ नयेत. व्होल्टेज जास्त कोसळलं तर ईसीएम मध्येच बंद पडून पुन्हा जागा होतो आणि नसलेल्या बिघाडांचे कोड साठवतो. गाडी चालू होत असेल तर चार्जिंगही पाहा. साधारण १३.५ ते १४.७ व्होल्ट ठीक. त्याच वेळी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर लावा. ०.५ व्होल्टच्या आसपास किंवा जास्त एसी दिसत असेल, तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि असा अस्वच्छ करंट ईसीएमला वेड लावतो.

आता चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका. चेक इंजिनचा दिवा लागला का? लागत असेल तर ईसीएम निदान जागा होतोय. लागत नसेल तर ईसीएमला करंट पोचत नाही, किंवा तो खरोखर गेला आहे, किंवा दिव्याचाच दोष आहे. मग स्कॅनर जोडा. एबीएस, एअरबॅग, मीटर हे बाकीचे मॉड्यूल (गाडीतले इतर छोटे संगणक) बोलतायत आणि एकटा ईसीएम गप्प आहे, असं असेल तर शोध बराच आवळला जातो. बाकीच्या मॉड्यूलमध्ये यू०१०० हा कोड असतो, म्हणजे "ईसीएमशी संपर्क तुटला" अशी त्यांची तक्रार. स्कॅनर कुणाशीच बोलत नसेल तर आधी डायग्नोस्टिक सॉकेटच तपासा. १६ पिनांच्या त्या सॉकेटमध्ये १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा करंट असतो, ४ आणि ५ वर अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी). सिगारेट लायटरचा फ्यूज उडाला की हे सॉकेट मेल्याचीही उदाहरणं आहेत, कारण अनेक गाड्यांत दोन्ही एकाच फ्यूजवर असतात.

यानंतरची चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच बहुतेक वेळा वगळली जाते: ईसीएमच्या कनेक्टरवर करंट आणि अर्थ भार घालून तपासणं. नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. वायरीची एकच बारीक तार शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट ओढतच नाही. त्याऐवजी ब्रेक लाइटचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ईसीएमचा कनेक्टर सोडवा आणि बॅटरी पुन्हा जोडा. त्या गाडीच्या वायरिंग नकाशावरून कनेक्टरमधल्या करंटच्या आणि अर्थच्या पिना शोधा आणि बल्ब त्यांच्यामध्ये लावा. बॅटरीवर थेट लावल्यावर पेटतो तितक्याच तेजाने तो पेटला पाहिजे. लालसर मिणमिणला तर दोष वायरिंगमध्ये आहे. करंटच्या प्रत्येक पिनेसाठी आणि अर्थच्या प्रत्येक पिनेसाठी हे वेगवेगळं करा, कारण एका चांगल्या अर्थच्या आड दुसरा तुटका अर्थ लपतो.

यात एक खाच आहे. अनेक गाड्यांत मेन रिले (ईसीएमला करंट सोडणारा स्विच) ईसीएमच ओढतो. डबा काढून ठेवला की रिले ओढला जात नाही आणि त्या पिनांवर करंट येणारच नाही. तेव्हा रिले उपसून सॉकेटच्या ३० आणि ८७ या खाचांमध्ये फ्यूज असलेली जोडवायर घाला आणि मग बल्ब लावा. पिनांच्या भोकात मल्टिमीटरचा जाड काटा मात्र कधीही खुपसू नका. पिनेची पकड सैल होते आणि मग जो लूज कनेक्शनचा बिघाड तयार होतो, तो शोधण्यात दिवस जातात. पिनेच्या मापाची बारीक पट्टी वापरा, किंवा कनेक्टर जोडलेला असेल तर मागच्या बाजूने बारीक सुई सरकवा.

पिकअपमध्ये अर्थकडे जास्तच लक्ष द्यावं लागतं, आणि त्याला कारण गाडीची बांधणी आहे. केबिन रबरी बुशांवर, इंजिन रबरी माउंटिंगवर आणि खाली वेगळी चॅसी. हे तीन भाग एकमेकांना विजेच्या दृष्टीने फक्त अर्थच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. इंजिन ते चॅसी ही पट्टी गंजून तुटली की सेल्फचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची वाट शोधत बारीक वायरींतून जातो, आणि त्यात ईसीएमच्या अर्थच्या वायरीही सापडतात. सेल्फ मारत असताना इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांच्यातला फरक मोजा. तो अर्धा व्होल्टच्या आत हवा. ईसीएमच्या अर्थवर चावी ऑन असताना ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर ती अर्थ उघडून, घासून, पुन्हा घट्ट करा.

करंट आणि अर्थ दोन्ही चोख, तरी ईसीएम गप्प? तर ५ व्होल्टची लाइन पाहा. ईसीएम बऱ्याच सेन्सरांना स्थिर ५ व्होल्ट पुरवतो आणि अनेकदा एकाच लाइनवर तीन-चार सेन्सर असतात. त्यातला एक आत शॉर्ट झाला की सगळी लाइन शून्याजवळ येते आणि गाडी हुबेहूब ईसीएम मेल्यासारखी वागते. थ्रॉटल किंवा दाबाच्या सेन्सरच्या कनेक्टरवर ५ व्होल्ट नसतील, तर एकेक सेन्सर सोडवत जा. एखादा सोडवताच ५ व्होल्ट परत आले, तर गुन्हेगार सापडला आणि एका छोट्या सेन्सरवर काम भागलं. सगळे सेन्सर सुटे करूनही आले नाहीत, तर वायर कुठे घासून बॉडीला लागली आहे ते पाहा. इंजिनाच्या मागच्या बाजूला, एक्झॉस्टजवळ आणि ब्रॅकेटच्या धारेवर हार्नेस (वायरींचा जुडगा) सर्वांत जास्त घासतो. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आणि फॉग लाइट, ट्रेलर, विंच यांसाठी मागाहून मारलेले जोडही त्याच फेरीत तपासून घ्या.

कॅन लाइन म्हणजे मॉड्यूल एकमेकांशी ज्या दोन वायरींवरून बोलतात ती. ती तपासायला बॅटरी काढा आणि सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात, म्हणून एकत्र सुमारे ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलं आहे. अनेक गाड्यांत त्यातला एक रोध ईसीएमच्या आतच असतो, त्यामुळे डबा काढलेला असताना १२० दिसले तर घाबरू नका. सॉकेटच्या मागे गेटवे मॉड्यूल (सॉकेट आणि बाकीच्या मॉड्यूलमधला दुवा) असलेल्या नव्या गाड्यांत हे आकडे वेगळे येतात, तिथे त्या गाडीचं मॅन्युअलच प्रमाण माना.

ईसीएम बोलत असेल आणि पी०६०१ ते पी०६०६ या गटातला कोड दाखवत असेल, तर तो स्वतःच्याच स्मृतीची किंवा प्रोसेसरची तक्रार करतोय. तेव्हाही बॅटरी पूर्ण चार्ज करून कोड पुसा आणि पुन्हा येतो का पाहा. चांगल्या बॅटरीवर लगेच परतला, तर डबा बदलण्याला पक्कं कारण मिळालं. पी०६०२ मात्र प्रोग्रामिंग अपुरं राहिल्याचा कोड आहे. तो नव्या हार्डवेअरशिवाय, नुसत्या प्रोग्रामिंगनेही जाऊ शकतो.

कशाने गेला

डबा गेला हे ठरलं, तरी नवा लगेच जोडू नका. जुना काढल्यावर आधी कनेक्टरमध्ये डोकवा. पिनांवर हिरवट थर म्हणजे पाणी. ते पाणी नेहमी वरून पडलेलंच असतं असं नाही. एखाद्या सेन्सरच्या फाटक्या सीलमधून शिरून ते वायरीच्या तारांमधून लांबवर सरकत ईसीएमपर्यंत पोचतं. कनेक्टरमध्ये पाण्याऐवजी तेल दिसलं, तर तेलाचा प्रेशर सेन्सर किंवा इंजिनातून बाहेर येणारा एखादा कनेक्टर गळतो आहे.

डबा उघडता येण्यासारखा असेल तर नाकानेही तपासा. जळक्या वासाबरोबर काळा डाग दिसला, तर तिथला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (बाहेरचे भाग चालू-बंद करणारा स्विच) गेला. तो कुठली कॉइल, इंजेक्टर किंवा सोलेनॉइड चालवत होता ते नकाशावरून काढा. १९९० च्या दशकातल्या बऱ्याच डब्यांत कपॅसिटर गळतात. त्यांना माशासारखा उग्र वास येतो आणि गळलेला द्रव बोर्डाचे तांब्याचे पट्टे खातो. हा मात्र वयाचा दोष, बाहेर काही शोधायची गरज नाही.

मग ईसीएमच्या हुकमात असलेला प्रत्येक भाग मोजा. साध्या पेट्रोल इंजिनाचे बहुतेक इंजेक्टर १२ ते १६ ओहम दाखवतात. एखादा २ ओहमवर आला तर तोच मारेकरी. थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत आणि कॉमन रेल डिझेलमध्ये आकडे अगदी वेगळे असतात आणि चालू इंजिनात तिथे जीवघेणं व्होल्टेज असतं. तिथे मॅन्युअलशिवाय हात घालू नका. कॉइल, पर्ज व्हॉल्व्ह (पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवणारा व्हॉल्व्ह), टर्बोचा सोलेनॉइड, रिलेंची गुंडाळी, सगळ्यांचे आकडे लिहून काढा आणि एकाच जातीचे भाग एकमेकांशी ताडून पाहा. चारपैकी एकच वेगळा बोलत असेल तर तो आधी बदला, नवा डबा नंतर.

कोणता डबा घ्यायचा

बाहेरून सारखा दिसणारा डबा चालेलच असं नाही. लेबलवर हार्डवेअरचा नंबर आणि सॉफ्टवेअरचा नंबर वेगवेगळे असतात. हार्डवेअरचा नंबर जुळलाच पाहिजे, किंवा कंपनीने अधिकृतपणे दिलेला पुढचा पर्यायी नंबर हवा. सॉफ्टवेअर नंतर भरता येतं. पिकअपच्या बाबतीत गुंतागुंत जास्त असते: एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन इंजिनं, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक, टू व्हील आणि फोर व्हील ड्राइव्ह, मागच्या अॅक्सलचे वेगवेगळे गिअर रेशो. म्हणून मागणी नोंदवताना १७ अक्षरी चॅसी नंबर द्या, आणि तो कागदावरून न देता गाडीवरून वाचून द्या.

माझं मत विचाराल तर पहिली पसंती स्वतःचाच डबा चांगल्या कारागिराकडून दुरुस्त करून घेण्याला. त्यात गाडीची ओळख, चाव्यांची माहिती, इंजेक्टरचे कोड सगळं जागच्या जागी राहतं. ते शक्य नसेल तर नवा किंवा खात्रीशीर पुनर्निर्मित. भंगारातल्या गाडीचा वापरलेला डबा शेवटी. इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणारी व्यवस्था) आल्यापासून बरेच डबे मूळ गाडीच्या चाव्यांशी बांधलेले असतात. ते दुसऱ्या गाडीत बसवले तर सेल्फ फिरतो आणि दोन सेकंद चालून इंजिन बंद पडतं. असा डबा घ्यायचाच असेल, तर जुन्यातला डेटा त्यात हुबेहूब उतरवून देणारा माणूस आधी शोधा.

काढण्याआधी डेटा वाचवा

जुना ईसीएम थोडासाही बोलत असेल, तर ही शेवटची संधी आहे. चॅसी नंबर, सॉफ्टवेअर नंबर, सगळे कोड, टायरचं माप, मागच्या अॅक्सलचा गिअर रेशो, धावलेल्या किलोमीटरचा आकडा, डिझेल असेल तर प्रत्येक इंजेक्टरचा जुळणी कोड आणि डीपीएफमधल्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीतल्या) काजळी-राखेचे आकडे, हे सगळं उतरवून घ्या. डबा अगदीच मेला असेल तर बऱ्याच डिझेल इंजिनांत इंजेक्टरचे कोड त्यांच्या डोक्यावर छापलेले मिळतात. सिलिंडरच्या क्रमाने त्यांचे फोटो काढा. गाडीच्या सगळ्या चाव्या जमवा. काही गाड्यांत प्रोग्रामिंगच्या वेळी हजर नसलेली चावी बाद होते. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तोही हाताशी ठेवा.

काढणं आणि बसवणं

चावी ऑफ करून गाडीतून बाहेर काढा. १५-२० मिनिटं थांबा, म्हणजे सगळे मॉड्यूल झोपतील. मग बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी, पॉझिटिव्ह नंतर. चावी ऑन असताना ईसीएमचा कनेक्टर ओढला तर चांगला डबाही जाऊ शकतो.

ईसीएम कुठे आहे हे गाडीगणिक बदलतं: बोनेटखाली फायरवॉलवर, बॅटरीच्या बाजूला, डॅशबोर्डखाली पायापाशी, काही डिझेल इंजिनांत थेट ब्लॉकवर. कनेक्टरला बहुधा आडवा खटका असतो. आधी त्याची छोटी कुलूपपट्टी सरकवा, मग खटका पूर्ण उचला. तो उचलताना कनेक्टर आपोआप वर येतो. येत नसेल तर ओढाताण करू नका, काहीतरी अडकलं आहे. मधोमध एक बोल्ट असलेले कनेक्टरही असतात, तो पूर्ण सैल झाल्याशिवाय हलत नाहीत.

नवा डबा पिशवीतून काढण्याआधी गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, शक्य असेल तर मनगटाला अर्थची पट्टी बांधा. अंगावरची स्थिर वीज जाणवतही नाही इतकी कमी असली तरी चिपला पुरते. पिनांना बोटं लावू नका. कनेक्टर संपर्क स्वच्छ करण्याच्या स्प्रेने धुऊन पूर्ण वाळवा. मागे सरलेली, वाकलेली किंवा सैल पिन दिसली तर आत्ताच दुरुस्त करा. कडेचं रबरी सील फाटलं असेल तर बदला. कनेक्टर सरळ बसवा, खटका हलक्या हाताने पूर्ण बंद होईपर्यंत दाबा. डब्याचं आवरण अॅल्युमिनियमचं असतं, बोल्ट बेताने आवळा. काही गाड्यांत ते आवरणच अर्थ असतं, तेव्हा ब्रॅकेटवरचा रंग किंवा गंज घासून काढायला विसरू नका. बॅटरी जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

प्रोग्रामिंग

कोरा डबा गाडी ओळखत नाही. त्यात त्या गाडीचं सॉफ्टवेअर, चॅसी नंबर आणि चाव्या भराव्या लागतात. हे कंपनीच्या मूळ उपकरणाने होतं, किंवा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२५३४ मानकाचं इंटरफेस (गाडी आणि लॅपटॉप जोडणारं उपकरण) आणि कंपनीचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घेऊनही होतं. काही विक्रेते चॅसी नंबर घेऊन डबा भरूनच पाठवतात. तरीही चाव्यांची जुळणी बऱ्याचदा गाडीवरच करावी लागते.

इथे डबे मरतात ते मुख्यतः व्होल्टेज हलल्याने. प्रोग्रामिंग पाऊण तासही चालू शकतं, आणि चावी ऑन असताना बॅटरी तेवढ्यात सहज खाली येते. साधा चार्जर लावू नका, त्याचा करंट हेलकावे खातो. प्रोग्रामिंगसाठी बनवलेला, साधारण १३.५ व्होल्टवर स्थिर राहणारा पुरवठा लावा. दिवे, पंखा, एसी सगळं बंद. दारं उघडमीट करू नका. लॅपटॉप त्याच्या चार्जरवर, झोपेची सेटिंग बंद, शक्यतो वायफायऐवजी केबल. मध्येच थांबलं तर घाईने बॅटरी काढू नका. बहुतेक डबे अर्धवट लिहिलेल्या अवस्थेतून पुन्हा सुरुवात करू देतात.

सॉफ्टवेअर मूळचंच भरा. जास्त ताकदीच्या किंवा डीपीएफ आणि ईजीआर बंद करणाऱ्या फायली या वेळी फुकट देणारे भेटतात. त्याने प्रदूषण वाढतं, कायद्याचा भंग होतो, आणि पुढे बिघाड आला तर मूळ दोष कुठला आणि फायलीचा कुठला हेच कळेनासं होतं.

त्यानंतर टायरचं माप, गिअर रेशो, इंजेक्टरचे कोड, डीपीएफचे आकडे भरा. गिअर रेशो चुकला तर मीटरवरचा वेग चुकतो आणि ऑटोमॅटिक गिअर अवेळी पडतात. मग चाव्यांची जुळणी. काही जुन्या गाड्यांत त्यासाठी चावी ऑन ठेवून सुरक्षेचा दिवा विझेपर्यंत सुमारे १० मिनिटं थांबायचं आणि हेच तीनदा करायचं, अशी पद्धत आहे. नव्या गाड्यांत स्कॅनरमधून करावी लागते.

पहिला सेल्फ

सेल्फ मारण्याआधी चावी ऑन करून स्कॅनरवर चालू आकडे वाचा. इंजिन रात्रभर थंड असेल तर पाण्याचं आणि हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसलं पाहिजे. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा दाब बाहेरच्या हवेइतका, समुद्रसपाटीला सुमारे १०० किलोपास्कल. अॅक्सिलरेटर हळू दाबा, आकडा न अडखळता वाढला पाहिजे. याच वेळी डब्यावर हात ठेवून पाहा. मिनिटभरात चटका बसण्याइतका तापत असेल तर चावी बंद करा, बाहेर अजून शॉर्ट आहे.

इंजिन सुरू झालं की आयडल (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिनाचा वेग) वर-खाली होणं सुरुवातीला स्वाभाविक आहे. स्कॅनरमधून थ्रॉटल आणि आयडलची शिकवणी करून घ्या, आणि गाडी मागत असेल तर क्रँक सेन्सरचीही. ती राहिली तर मिसफायरचे (सिलिंडरमध्ये इंधन न पेटल्याचे) खोटे कोड येत राहतात. ऑटोमॅटिक गिअर काही दिवस झटके देत पडतील. शिकवणी पूर्ण झाल्यावर झटके कमी होतात.

आता गाडी खरी चालवा: थंड इंजिनावरून सुरुवात, गर्दीतला हळू वेग, मग एकसारख्या वेगाने लांबचा पल्ला, थोडा चढ, शक्य असेल तर भार घेऊन. नव्या डब्यात उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या अपूर्ण दाखवतात आणि त्या पूर्ण व्हायला अशा वेगवेगळ्या चालीच्या फेऱ्या लागतात. त्या झाल्याशिवाय प्रदूषण तपासणीला जाऊ नका. परत आल्यावर चेक इंजिन दिवा नसला तरी कोड वाचा, कारण एकदाच घडलेला दोष दिवा न लावता प्रलंबित म्हणून बसलेला असतो. हार्नेसचे घासलेले भाग आणि नव्याने साफ केलेल्या अर्थचे बोल्ट याच वेळी पुन्हा हाताने तपासा.

जुना डबा परत दिल्यावर अनामत मिळणार असली तरी तो देण्याची घाई करू नका. सगळ्या स्वयंचाचण्या पूर्ण होऊन कोड कोरे राहिले, सगळ्या चाव्यांनी गाडी सुरू झाली आणि जुन्या डब्यातून काढलेली फाइल दोन ठिकाणी जपून ठेवली, की मगच तो पाठवा.